माकडाचं काळीज कुठे होतं?

पंचतंत्रातली माकड आणि मगरीची गोष्ट तुम्हाला पाठ असेल. नदीकाठी जांभळाचं झाड, झाडावर माकड, पाण्यात मगर. दोघांची दोस्ती. मग मगरीच्या घरी माकडाचं काळीज खाण्याची टूम निघते. मगर माकडाला पाठीवर घेऊन निघते, नदीच्या मधोमध पोचल्यावर खरं काय ते सांगून टाकते आणि माकड म्हणतं, अगं, आधी नाही का सांगायचंस! काळीज तर मी झाडावरच ठेवून आलो. मगर माघारी वळते, माकड टुणकन झाडावर. गोष्ट संपली.

आता दुसरी-तिसरीच्या वर्गात ही गोष्ट मुलांकडून वाचून घ्या आणि एकच प्रश्न विचारा : माकडाचं काळीज कुठे होतं?

"झाडावर!"

अर्धा वर्ग जागच्या जागी उड्या मारत हे उत्तर देईल. आपण हसतो. पण त्यांना "कशावरून?" असं विचारा. ती पुस्तक उघडतील आणि त्या ओळीवर बोट ठेवतील. माकड स्वतः म्हणतंय! आणि तुमचं ते "छातीत" कुठल्या ओळीत आहे, दाखवा बरं. सगळी गोष्ट उलटीपालटी करा, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत चाळा. सापडणार नाही. जे छापलंय ते खोटं आहे आणि जे खरं आहे ते छापलेलंच नाही. तरीही तुम्ही-आम्ही ते 'वाचलं'. कसं?

या एका उत्तरासाठी डोक्यात काय काय घडावं लागतं ते पाहा. काळीज काढून ठेवता येत नाही, हे माहीत हवं. माकडालाही ते माहीत आहे, हे कळायला हवं. मगरीला मात्र ते सुचलेलं नाही, हेही. माकड जे बोलतंय ते त्याच्या मनात नाही, आणि तसं बोलण्याचं कारण म्हणजे त्याचा जीव धोक्यात आहे. एका प्राण्याच्या मनात दुसऱ्या प्राण्याच्या मनाविषयी काय चाललंय याचा हिशोब तिसऱ्याच, सात वर्षांच्या, प्राण्याने ठेवायचा! दुसऱ्याच्या डोक्यात चुकीची समजूत असू शकते हे मुलांना साधारण चौथ्या वर्षाच्या सुमारास उमगू लागतं, असं हाइन्झ विमर आणि योसेफ पर्नर यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दिसलं. पण समोर घडणाऱ्या नाटकात ते ओळखणं वेगळं आणि कागदावरच्या काळ्या खुणांमधून ते उकरून काढणं वेगळं.

मग एखादी मुलगी मागच्या बाकावरून म्हणते, "छातीतच होतं, पण मगर येडी होती." बाईंना वाटतं, जिंकलो. तेवढ्यात तिच्या शेजारचा विचारतो, "मग मगर झाडावर चढून बघून का नाही आली?"

आता एक उलटा खेळ खेळू. खालचा उतारा वाचा आणि प्रश्नांची उत्तरं द्या. वेळ एक मिनिट.

'काल सकाळी एक ढिबला घमशी झुबकीत घुरमटला. त्याने तिथल्या तीन पोपाड्या टसकावल्या. त्यामुळे मोठी टिंबारी झेंगार झाली.'

ढिबला कोठे घुरमटला? घमशी झुबकीत. त्याने किती पोपाड्या टसकावल्या? तीन. टिंबारी झेंगार का झाली? कारण ढिबल्याने पोपाड्या टसकावल्या. शाब्बास, पैकीच्या पैकी!

यातला एकही महत्त्वाचा शब्द मराठीत नाही. मी आत्ता बसल्या बसल्या तयार केले. तरी तुम्ही 'ढिबला' या जगात नसलेल्या वस्तूचं सामान्यरूप अचूक केलंत. 'ढिबलाने' नाही, 'ढिबल्याने'. एक पोपाडी, तीन पोपाड्या, हेही तुम्हाला कुणी सांगावं लागलं नाही. विभक्तीचे प्रत्यय इतके इमानदार असतात की 'कोठे' विचारलं की डोळा 'त' शोधतो, 'कोणी' विचारलं की 'ने'. अर्थाचा पत्ता नसताना व्याकरणाच्या जोरावर आपण उत्तरपत्रिका सजवू शकतो. आणि शाळेतल्या 'एका वाक्यात उत्तरे लिहा'मधल्या कितीतरी प्रश्नांना मुलं अगदी अशीच उत्तरं देतात. प्रश्नातले शब्द उताऱ्यात शोधायचे, ते वाक्य सापडलं की 'कोठे'च्या जागी योग्य तुकडा बसवायचा, पूर्णविराम द्यायचा. ही काही थोडीथोडकी हुशारी नव्हे. फक्त ती आकलनाची हुशारी नव्हे.

म्हणजे शिक्षकाची पंचाईत बघा. 'झाडावर' म्हणणाऱ्या मुलाने प्रत्येक शब्द वाचलाय आणि उत्तर चुकलंय. 'घमशी झुबकीत' म्हणणाऱ्याला काही कळलेलं नाही आणि उत्तर बरोबर आहे. समजणं ही गोष्ट बाहेरून दिसतच नाही. पोहता येतं की नाही ते पाण्यात ढकलल्यावर कळतं, पण समजलं की नाही हे तपासायचं तर हाताशी फक्त उत्तर असतं, आणि उत्तर सराईतपणे खोटं बोलू शकतं.

थोडं मागे जाऊ. समजणं राहू दे, नुसतं वाचणं तरी साधं आहे का?

लेखनकला जेमतेम ५००० वर्षांची. उत्क्रांतीच्या हिशोबात हा काळ नखाएवढाही नाही, त्यामुळे वाचनासाठी म्हणून मेंदूत जन्मतः काहीच तयार नसतं. बोलण्याचं तसं नाही. आजूबाजूला भाषा असली की मूल ती उचलतं. वाचन कुणीतरी शिकवावं लागतं, आणि ते शिकताना मेंदू आधीच असलेली जागा नव्या कामाला जुंपतो. फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास देहान यांनी ही कल्पना मांडली. डाव्या बाजूला, मेंदूच्या खाली-मागच्या भागात, वस्तू आणि चेहरे ओळखणाऱ्या यंत्रणेचा एक कोपरा अक्षरं ओळखू लागतो. चिनी वाचणारा असो की फ्रेंच, कोपरा जवळपास तोच! पाचशे पिढ्यांपूर्वी ज्या पेशींनी झाडाआडचं जनावर हेरलं असतं, त्याच आज 'घ' आणि 'ध' यांच्यातला फरक हेरतात.

डोळ्यांचं आणखी वेगळंच. तुम्हाला वाटत असेल, या ओळीवरून तुमची नजर अलगद सरकतेय. मुळीच नाही. ती टुणटुण उड्या मारतेय. एका जागी साधारण पाव सेकंद थांबते, मग पुढे झेप. झेपेच्या क्षणी मेंदू येणारं चित्र जवळजवळ बंदच करून टाकतो. म्हणजे हा परिच्छेद वाचताना तुम्ही कितीतरी वेळा आंधळे झालात आणि तुम्हाला पत्ताही लागला नाही. एमिल जावाल या फ्रेंच नेत्रवैद्याने १८७९ मध्ये या उड्यांकडे जगाचं लक्ष वेधलं.

त्यात आपली देवनागरी. 'किती' हा शब्द बघा. पहिली वेलांटी 'क'च्या आधी उभी आहे, पण उच्चार 'क'च्या नंतर. 'सूर्य' बघा. 'र' म्हणायचा आधी, पण तो रफार होऊन बसलाय 'य'च्या डोक्यावर. एका खुणेसाठी मागे यायचं, दुसरीसाठी पुढचं बघून आधीचं म्हणायचं, आणि हे सहा वर्षांचं पोर नाक पुसत पुसत करतं. तीस-पस्तीस व्यंजनं गुणिले बाराखडी म्हणजे चारशेच्या आसपास आकार, वर जोडाक्षरं. एकेका अक्षराशी झगडत वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत वाक्याची सुरुवात डोक्यातून गळून गेलेली असते. 'मा... झ्या... मा... मा... चा... गा... व' असं वाचून झाल्यावर "कुणाचा गाव?" विचारलं तर मूल बावचळून बघतं. ते वाक्य विसरलेलं नसतं. ते त्याच्या हाती एकसंध आलेलंच नसतं.

आणि मराठी वाक्य आपला पत्ता शेवटपर्यंत उघड करत नाही. 'राजूने वेळेवर औषध आणलं नसतं तर आजी दगावली असती.' राजूने औषध आणलं का? आजी गेली का? वर्गात विचारा. निम्म्या मुलांची आजी मेलेली असेल. वाक्यात 'आणलं नसतं' आहे, पण औषध आलेलं आहे. 'दगावली' आहे, पण आजी खुटखुटीत आहे. छापलेल्या दोन्ही गोष्टी घडल्याच नाहीत. एका 'नसतं'ने, एका 'तर'ने आणि एका 'असती'ने सगळं जग उलटं करून ठेवलं! आपण हे वाक्य इतक्या सहज पचवतो की त्यात काही पचवण्यासारखं आहे हेच आपल्याला दिसत नाही. शिकवण्यातली खरी अडचण इथे आहे. ज्याला येतं त्याला ते आपण कसं करतो हे आठवत नाही.

अक्षरं फोडता येणं आणि भाषा समजणं या दोन गोष्टींचा संबंध फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये फार देखण्या रीतीने सांगितला. वाचून समजणं म्हणजे अक्षरं फोडण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता. बेरीज नाही, गुणाकार! दोहोंपैकी एक शून्य असेल तर दुसरं शंभर असूनही उत्तर शून्य. कवी मिल्टन आंधळा झाल्यावर त्याने मुलींना परक्या भाषा मोठ्याने वाचायला शिकवल्या, अर्थ मात्र शिकवला नाही, असं त्याच्या चरित्रात सांगतात. मुली वाचायच्या, समजायचं बापाला. अतिशयोक्ती वाटत असेल तर एखादं नेपाळी वर्तमानपत्र घ्या. लिपी आपलीच. तुम्ही पहिलं पान धडाधड वाचून दाखवाल, आणि खाली ठेवल्यावर पंतप्रधान राहिले की गेले हेही सांगता येणार नाही.

आपल्याकडच्या चर्चा बहुतेक या गुणाकाराच्या पहिल्या आकड्यापाशी थांबतात. मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून 'असर'ची पाहणी होते. ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या साधारण निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर नीट वाचता येत नाही, असं ती वर्षानुवर्षं सांगतेय. आकडा हादरवणारा आहेच. पण ज्या निम्म्यांना वाचता येतो, त्यांच्या आजीचं काय झालं?

आता सगळ्यात मोठं आश्चर्य. मजकूर जवळजवळ रिकामा असतो.

'बाबांनी छत्री झटकून दाराबाहेर उघडी ठेवली.' बाहेर काय चाललंय? पाऊस. वाक्यात पाऊस आहे का? नाही. छत्री ओली आहे, असं लिहिलंय का? नाही. बाबा बाहेरून आले, घरात पाणी गळू नये म्हणून ती बाहेर ठेवली, उघडी ठेवली ती वाळावी म्हणून. यातलं अक्षरही लेखकाने लिहिलेलं नाही. त्याने रांगोळीचे ठिपके तेवढे दिले, रेघा तुम्ही ओढल्यात, आणि आता तुम्ही शपथेवर सांगाल की कमळ कागदावरच होतं. सगळंच लिहायचं ठरवलं तर एक छत्री झटकायला चार पानं लागतील.

आणखी एक नमुना. 'मीनाने रेखाला हाक मारली, पण तिने वळून पाहिलं नाही.' कोणी? रेखाने. 'मीनाने रेखाला हाक मारली, पण तिचा आवाज बसला होता.' कोणाचा? मीनाचा. वाक्यांची बांधणी तीच, सर्वनाम तेच, आणि 'ती' मात्र या मुलीवरून त्या मुलीवर उडी मारून गेली. कोणत्या नियमाने? व्याकरणाच्या तर नाहीच. हाक मारायला आवाज लागतो आणि हाक ऐकणारा वळतो, या जगाच्या अनुभवाने. संगणकाला भाषा खरंच समजते का हे पाहण्यासाठी नेमकी अशीच वाक्यं वापरून परीक्षा रचली गेली. टेरी विनोग्राड यांनी १९७२ मध्ये दिलेल्या एका उदाहरणावरून तिला त्यांचं नाव पडलं. जे सोडवताना भल्याभल्या यंत्रांची बरीच वर्षं फजिती झाली, ते आपण तिसरीतल्या बंड्याकडून गृहीत धरतो आणि वर 'लक्ष नसतं' असा शेरा मारतो.

अनुभवाची ही भर किती मोठी असते, हे स्वतःवर करून पाहा. खालचं सावकाश वाचा.

'आदल्या वेळचं थोडं शिल्लक असलं तर बरं. नसेल तर शेजारी मागावं, कुणी नाही म्हणत नाही. फार गरम असताना घाई केली तर सगळं फुकट जातं, पार थंड झाल्यावर केलं तर काहीच घडत नाही. अगदी थोडंसं पुरतं. सगळीकडे नीट पोचलं की मग हात लावू नये. थंडीत पांघरूण घालावं लागतं, उन्हाळ्यात विसर पडला तर सकाळी तोंड वाकडं होतं.'

प्रत्येक शब्द ओळखीचा, प्रत्येक वाक्य शुद्ध, आणि डोक्यात नुसतं धुकं. आता मथळा सांगतो : 'दही लावणे'. पुन्हा वाचा. धुकं गेलं? कागदावर एक अक्षर बदललेलं नाही!

जॉन ब्रॅन्सफर्ड आणि मार्सिया जॉन्सन यांनी १९७२ मध्ये हेच कपडे धुण्याच्या वर्णनावर केलं होतं. ज्यांना विषय आधी सांगितला त्यांना मजकूर समजला आणि लक्षातही राहिला. ज्यांना वाचून झाल्यावर सांगितला त्यांना त्याचा जवळपास काही उपयोग झाला नाही. म्हणजे अर्थ हा वाचून झाल्यावर काढायचा रस नसतो. तो वाचता वाचता बांधला जातो, आणि बांधायचं सामान वाचणाऱ्याने बरोबर आणलेलं असावं लागतं.

सामान कुणाकडे जास्त, यावर मग सगळे हिशोब फिरतात. डोना रेश्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ मध्ये अमेरिकेतल्या ६४ मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. काही मुलं वाचनात पक्की, काही कच्ची. काहींनी बेसबॉल अगदी कोळून प्यायलेलं, काहींना त्यातलं ओ की ठो नाही. सगळ्यांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा दिला आणि छोट्या मैदानाच्या पाटावर लाकडी खेळाडू हलवून काय घडलं ते दाखवायला सांगितलं. वाचनात 'ढ' पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात हुशार पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे निघून गेली!

हे आपल्याकडे आणून बघा. राब भाजणं, चिखलणी, आवणी असा भातशेतीचा उतारा पुण्यातल्या चकचकीत शाळेत द्या आणि तोच जव्हारच्या आश्रमशाळेत. पुण्याची मुलं फाडफाड वाचतील आणि 'शेतकरी राब का भाजतो?' या प्रश्नावर एखादा लिहील, 'कारण त्याला खूप राबावं लागतं.' जव्हारचं पोर अडखळत वाचेल आणि पालापाचोळा, शेण, राख, रोप सगळं सांगेल, वर घरचा राब कुठे आहे तेही. मग जव्हारला मॉल आणि सरकता जिना असलेला उतारा पाठवायचा आणि मुलांना आकलन नाही म्हणायचं, हा कसला न्याय? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलं. तिथे पानं, बिया, खडे ही शिकण्याची साधनं झाली आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात गेली. मुलाच्या गाठीला जे आहे तिथून सुरुवात करायची, हे शहाणपण त्यांच्या कामात त्या बेसबॉलच्या प्रयोगाच्या कितीतरी आधीचं आहे.

न समजणं एक वेळ परवडलं, पण आपल्याला समजलेलं नाही हेच न समजणं? त्याची गंमत आणखी गहिरी. एलन मार्कमन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुलांना छोटे निबंध वाचून दाखवले आणि म्हटलं, लिहिणाऱ्याला मदत करा, कुठे कळत नाही ते सांगा. एका निबंधात समुद्रातल्या माशांची माहिती होती. समुद्राच्या तळाशी अजिबात उजेड नसतो. तिथले काही मासे आपलं खाणं रंगावरून ओळखतात. काळोखात रंग! तिसरीपासून सहावीपर्यंतच्या मुलांना हे ऐकवलं, आणि बारा वर्षांच्या मुलांपैकीही बऱ्याच जणांना असे निबंध अगदी ठीक वाटले. मुलांची स्मरणशक्ती बरी होती, तर्कशक्तीही. प्रत्येक वाक्य त्यांना समजलं होतं. फक्त दोन वाक्यं एकमेकांसमोर उभी करून बघण्याची गरज त्यांना वाटली नाही.

हसू नका. एक सांगा, गोवर्धन पर्वत रामाने कोणत्या हाताच्या करंगळीवर उचलला?

डावा की उजवा, असा विचार मनात येऊन गेला असेल तर तुम्ही एकटे नाही. थॉमस एरिकसन आणि मार्क मॅटसन यांनी १९८१ मध्ये मोठ्या माणसांना विचारलं होतं की बायबलमधल्या मोझेसने तारवात प्रत्येक जातीचे किती प्राणी घेतले. तारू नोहाचं, हे ठाऊक असूनही पुष्कळांनी आकडा सांगितला. देवाचं नाव आहे, पर्वत आहे, करंगळी आहे, ओळखीचा सूर लागलाय, चला पुढे. आपला मेंदू अर्थ तपासत नाही, तो 'जुळतंय का' एवढंच चाचपतो.

यात शाळेची भर पडली की काय होतं, ते फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या गणित-शिक्षण संशोधकांनी १९८०च्या आसपास दाखवलं. सात ते नऊ वर्षांच्या मुलांना त्यांनी उदाहरण घातलं : एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांवरून कप्तानाचं वय काढून दिलं. बहुतेक कप्तान ३६ वर्षांचे निघाले असणार, आणि खरं तर शोभतंही ते. स्तेला बारूक यांनी पुढे 'कप्तानाचं वय' याच नावाचं पुस्तक लिहिलं. या कोड्याची चेष्टा त्याही आधीची आहे. लेखक फ्लोबेरने तरुणपणी बहिणीला लिहिलेल्या पत्रात असंच लांबलचक उदाहरण घालून शेवटी कप्तानाचं वय विचारलं होतं.

मुलं वेडी होती का? मला उलट वाटतं. त्यांनी उदाहरण नाही वाचलं, त्यांनी शाळा वाचली, आणि बिनचूक वाचली. शाळेत विचारलेल्या प्रश्नाला उत्तर असतंच, दिलेले आकडे वापरायचेच असतात, आणि 'हा प्रश्नच चूक आहे' असं म्हणणारा मुलगा आगाऊ ठरतो. आपल्याकडे 'आकृती पूर्ण करा' म्हटलं की चार चौकोनांत चार शब्द भरायचे, पाचवा सुचला तरी गिळायचा. जाता जाता एक वकिली करतो. 'कोण कोणास म्हणाले?' या प्रश्नाला सगळे नाकं मुरडतात, पण मला तो आवडतो. संवादात बोलणाऱ्याचं नाव पुष्कळदा लिहिलेलंच नसतं. कोण रागावलंय, कोण घाबरलंय, कुणाला काय माहीत आहे हे धरल्याशिवाय त्याचं उत्तर निघत नाही. म्हणजे गाइडातून पाठ केलं नसेल तर.

मग समजणं शिकवायचं कसं? डोलोरेस डर्किन यांनी १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या वर्गांत बसून मिनिटामिनिटाची नोंद ठेवली. चौथीच्या वाचनाच्या तासांची ४४६९ मिनिटं. त्यात कसं समजून घ्यायचं हे प्रत्यक्ष शिकवण्यात गेलेली मिनिटं वीस! बाकी वेळ? प्रश्न विचारणं, उत्तरं तपासणं, स्वाध्याय सोडवून घेणं. ताप किती आहे ते पुन्हा पुन्हा मोजत राहायचं, औषध द्यायचं राहून जातं.

ॲनमरी पॅलिंकसर आणि ॲन ब्राउन यांनी १९८४ मध्ये मांडलेली युक्ती म्हणूनच मला थक्क करते. अक्षरं वाचता येणारी, पण अर्थापाशी अडणारी सातवीची मुलं त्यांनी घेतली. एक परिच्छेद वाचायचा आणि चार गोष्टी मोठ्याने करायच्या. थोडक्यात सांगायचं, त्यावर एक प्रश्न काढायचा, अडलेलं सोडवायचं आणि पुढे काय येईल त्याचा अंदाज बांधायचा. आधी शिक्षक करून दाखवतात, मग मुलं पाळीपाळीने शिक्षक होतात. सुमारे वीस दिवसांत मुलांच्या आकलनात मोठा फरक पडला. जादू कुठे आहे? सराईत वाचकाच्या डोक्यात जे गुपचूप चाललेलं असतं ते इथे तोंडावाटे बाहेर येतं. ऐकू आलं की उचलता येतं.

हा प्रकार आपल्या वर्गात करून पाहणाऱ्यांनी हसायची तयारी ठेवावी. मास्तर झालेलं पोर आधी छडी शोधतं. "प्रश्न काढ" म्हटलं की "या उताऱ्यात वाक्यं किती?" असा प्रश्न काढतं. "थोडक्यात सांग" म्हटलं की पाच ओळींच्या उताऱ्याचं दहा ओळींत थोडक्यात सांगतं. अंदाज विचारला तर प्रत्येक गोष्टीत पुढे वाघ येतो. पण आठ-दहा वेळा वाघ न आल्यावर कुणीतरी म्हणतं, "वाघ नाही येणार, हे तर दुकानात चाललंय." बस्स! त्या पोराने पुढचं सांगायला मागचं वापरलं. ज्यावर पुस्तकांची कपाटं भरलीत, ते आत्ता तुमच्यासमोर घडलं.

शेवटी उरतात मार्क, आणि त्यांचं काय करायचं हे कुणी शिक्षकालाच विचारा. ससा-कासवाच्या गोष्टीखाली प्रश्न आहे : ससा शर्यत का हरला? आदर्श उत्तर : ससा गर्विष्ठ होता म्हणून. एका पोराने लिहिलंय, 'त्याला कोणी उठवले नाही.' नमुना उत्तराशी एक शब्द जुळत नाही. पण ससा झोपला, झोप वेळेवर मोडली नाही, कासवाने बघून न बघितल्यासारखं केलं आणि तिथे जमलेल्या एकाही जनावराने सशाला हलवलं नाही, हे सगळं त्या चार शब्दांत आहे. तपासणीच्या सूचनांप्रमाणे याला शून्य. शेजारच्या मुलीने 'गर्विष्ठ' लिहिलंय आणि तिला विचारलं, "गर्विष्ठ म्हणजे काय गं?" तर ती म्हणते, "म्हणजे झोपाळू."

तिला पैकीच्या पैकी.